सरांच्या दोन रायफली

त्या शनिवारी दुपारी सरांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं मेणकापड पुसून घेतलं आणि त्यावर काडतुसं एकेक करून उभी केली. बारीक चणीची अलीकडे, जाडजूड पलीकडे. मला माझी पहिली रायफल घ्यायची होती, आणि रायफल ठरण्याआधी काडतूस ठरलं पाहिजे असा सरांचा नियम होता. हे सगळं नेहमीसारखंच होतं. नेहमीसारखं नव्हतं ते एवढंच, की काकूही टेबलापाशी येऊन बसल्या. बंदुकीचा विषय निघाला की काकू उठून बागेत जात. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी त्यांनी काडतुसाला हात लावला नव्हता. त्या दिवशी मात्र त्या घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या आणि शेंगांकडे न बघता सरांच्या हातांकडे बघत राहिल्या.

सर म्हणजे जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठातले माझे प्राध्यापक. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. घरी मराठीत बोलताना आम्ही त्यांना काकू म्हणतो हे त्यांना माहीत होतं, आणि तो शब्द त्यांना आवडायचा. मी तालुक्याच्या गावात मराठी शाळेत शिकलो. वडील जिनिंगमध्ये फिटर होते, सातवी शिकलेले. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद आला तो माझा, आणि दुसरा, जर्मन भाषेतला, आला तो सरांमुळे. आखनला पहिल्या सेमिस्टरला मी दोन विषयांत आपटलो तेव्हा सरांनी मला खोलीत बोलावून घेतलं. मी बोलणी खायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी माझ्या हातात एक पोलादी पिन आणि मायक्रोमीटर दिला आणि म्हणाले, "हे मोजा." मी मोजलं. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. मग म्हणाले, "मोजता येतं तुम्हाला. बाकीचं शिकवता येईल." पुढच्या आठवड्यापासून मी त्यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागलो. परदेशी विद्यार्थ्याला खोली द्यायला कुणी तयार होत नव्हतं, तेव्हा त्यांनी स्वतः घरमालकांना फोन केले. आज मी बेअरिंगच्या कारखान्यात मोजमापाच्या विभागात आहे, घरी बायको आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे. यातलं काहीच त्या माणसाशिवाय झालं नसतं.

निवृत्तीनंतर सर आणि काकू आयफेलच्या डोंगरातल्या एका खेड्यात, सरांच्या वडिलांच्या जुन्या घरी, परत राहायला गेले. तिथल्या एका जंगलातल्या शिकारीच्या हक्काचा भाडेपट्टा सरांच्या नावावर होता. त्यांना मूलबाळ नाही. एका संध्याकाळी त्यांनी मला सोबत म्हणून मचाणावर नेलं, आणि मग ती सवयच झाली. शिकारीबद्दल मला गावाकडचं एवढंच माहीत होतं, की रानडुकरांसाठी काही लोक पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून शिवारात टाकतात. शाळेच्या वाटेवर आमच्या वर्गातल्या एकाने तसा गोळा उचलला होता. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. त्यामुळे इथे परीक्षा देऊन, कायदा शिकून, जनावर कुठल्या बाजूने उभं आहे ते बघून मग चाप ओढायचा, ही शिस्त मला फार मोठी वाटली. मीही परीक्षा दिली.

"तुझ्या आईला काय सांगू मी?" बायको म्हणाली होती. "इंजिनियर मुलगा जर्मनीत जाऊन डुकरं मारतो?"

"सरांना सोबत होते गं."

"सोबत करायला बंदूक कशाला लागते? बुद्धिबळ खेळा."

परीक्षा पास झालो त्या दिवशी सरांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "आल्झो, तर मग शिकारी एकमेकांना अरे-तुरेच करतात. आता मला 'डू' म्हणायचं." ते त्या दिवसापासून मला 'तू' म्हणू लागले. मला मात्र जमलं नाही. मी दोन वाक्यं अरे-तुरेत बोलायचो आणि तिसऱ्याला पुन्हा अहो-जाहोवर यायचो. ते हसायचे.

तर त्या शनिवारी सर मला समजावत होते. पितळी पुंगळी, तिच्यात दारू, तोंडाशी गोळी. पुंगळीत दारू किती मावते त्यावर जोर ठरतो, पण जनावराच्या अंगात काय होतं ते गोळी ठरवते. इथल्या कायद्यानुसार रानडुक्कर आणि मोठ्या शिंगांचं तांबडं हरीण यांच्यासाठी गोळी किमान साडेसहा मिलिमीटर जाडीची लागते आणि शंभर मीटरवर तिच्यात दोन हजार ज्यूल जोर उरावा लागतो. मी लॅपटॉपवर तक्ता करून आणला होता. धक्का किती, वेग किती, गोळी किती खाली येते. माझा कल 'तीनशे आठ' नावाच्या काडतुसाकडे होता, कारण धक्का कमी आणि नव्या माणसाचा नेम बिघडत नाही.

सरांनी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं. "डुक्कर एक्सेलमध्ये राहत नाही. ते मक्यात राहतं. तुला मक्याच्या कडेला, अंधुक उजेडात, साठ मीटरवर एक काळा ढेपसा दिसणार. काय विचारशील आधी?"

"मागे काय आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मागे काय आहे. गोळी जनावरापाशी थांबत नाही."

जर्मनीतल्या आमच्या या राज्यात शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तिचे तुकडे मांसात राहतात. म्हणून तांब्याची घ्यायची. ती आत गेली की पाकळ्यांसारखी उघडते, फुटत नाही, आरपार जाते. दोन भोकं पडतात, दोन्हीकडून रक्त सांडतं आणि पळालेलं जनावर कुत्र्याला सापडतं. पण तांब्याला वेग लागतो. वेग मेला तर गोळी उघडत नाही, सुईसारखी निघून जाते, आणि जनावर कुठल्यातरी झुडपात दोन दिवस मरत पडतं. "ते दोन दिवस तुझ्या नावावर," सर म्हणाले.

मग त्यांनी मधली दोन काडतुसं उचलली. दोन्ही दिसायला सारखी. त्यांच्या कपाटात दोन रायफली होत्या, दोन्हींना लोक काडतुसाच्या मापावरून 'आठ सत्तावन्न'च म्हणायचे. एक त्यांची स्वतःची. दुसरी त्यांच्या वडिलांची, दस्त्यावर ओकची पानं कोरलेली. वडिलांच्या काळातल्या काही नळ्या किंचित बारीक असायच्या, आणि हिचीही तशीच होती. फरक एक दशांश मिलिमीटरपेक्षा थोडासाच जास्त. तिची गोळीही तेवढीच बारीक. आजचं काडतूस त्या जुन्या रायफलीत जरा अडतं, पण जोर दिला तर बसतं. मग चाप ओढला की जाड गोळी बारीक नळीत घुसते, आतला दाब वाढतो आणि त्याला पुढे वाट मिळाली नाही तर तो मागे येतो.

"मागे कोण असतं?" सरांनी विचारलं.

"आपला डोळा."

"आपला डोळा. म्हणून वडिलांची रायफल मी फक्त पुसतो. चालवत नाही."

त्यांनी काडतुसं पुन्हा ओळीत लावली, बारीक अलीकडे, जाड पलीकडे. टेबलावर दोन्ही हात ठेवले. आणि म्हणाले, "आल्झो. पितळी पुंगळी, तिच्यात दारू, तोंडाशी गोळी."

मला वाटलं उजळणी घेताहेत. पण त्यांनी सगळं तसंच्या तसं सांगितलं, मक्याच्या कडेच्या काळ्या ढेपशापर्यंत, त्याच ठिकाणी थांबून, त्याच ठिकाणी माझ्याकडे बघून. मी तीच उत्तरं दिली. दोन सारख्या काडतुसांपाशी आल्यावर त्यांनी दोन्ही उचलली, उजेडात धरली, आणि आलटून पालटून एकेकाकडे बघत राहिले. काकूंच्या हातातली शेंग मोडायची राहिली.

"कॉफी करते," काकू म्हणाल्या आणि उठल्या. जाताना त्यांनी माझ्या खांद्याला नकळत लागावा तसा हात लावला.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही बंदुकांच्या दुकानात गेलो. सरांनी गाडी मला चालवायला सांगितली; काकूंनी किल्ली आधीच माझ्या हातात दिली होती. दुकानदार सरांना वर्षानुवर्षं ओळखणारा, पोट सुटलेला, बडबड्या माणूस.

"हा तुमचा वारस काय?" त्याने माझ्याकडे बघत विचारलं. "तुमच्याकडे तर गाय चालत नाही ना? डुक्कर चालतं?"

"डुकराला आमच्याकडे कुणी विचारत नाही," मी म्हणालो.

तो मोठ्याने हसला. सरही हसले. मग सरांनी आठ सत्तावन्नच्या तांब्याच्या गोळ्यांचा एक निळा खोका मागितला. दुकानदाराने तो काढून काउंटरवर ठेवला आणि सहज विचारलं, "तुमच्याच रायफलीसाठी ना? वडिलांच्या त्या म्हाताऱ्या रायफलीसाठी नाही ना?"

"मला शिकवतोस?" सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. पण त्यांच्या तोंडून इतकं कोरडं बोलणं मी कधीच ऐकलं नव्हतं. दुकानदाराचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं. त्याने खोका पिशवीत घातला. दारातून बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं, तो काउंटरवर दोन्ही हात टेकून आमच्याकडेच बघत उभा होता.

नोव्हेंबरात सरांच्या जंगलात मोठा हाका व्हायचा होता. दरवर्षी होतो. नारिंगी जाकिटं घातलेले हाकारे ओरडत, काठ्या आपटत झाडीतून चालतात आणि शिकारी ठरवून दिलेल्या जागी उभे राहतात. कोण कुठे उभं राहील आणि कुठल्या दिशेला गोळी झाडायची नाही, हे पट्टा ज्याच्या नावावर तो ठरवतो. म्हणजे सर. आणि माझी रायफल अजून नव्हती म्हणून हाकाऱ्यांमध्ये मी असणार होतो, गावातले शेतकरी असणार होते, त्यांची कॉलेजातली मुलं असणार होती. हाक्याआधी प्रत्येक शिकाऱ्याला चांदमारीवर जाऊन सराव केल्याचा दाखला आणावा लागतो. सरांच्या दाखल्यासाठी आम्ही दोघं ऑक्टोबरच्या शेवटी गेलो.

सरांनी बंद पिशवीतली रायफल घरूनच गाडीत ठेवली होती. चांदमारीवर आमच्या आधी पाचसहा जण होते. कानांवर आवाज अडवणारे मफ घालून सगळे बाकांवर बसलेले. समोर कागदी डुक्कर एका बाजूने दुसऱ्या बाजूला पळायचं आणि त्यावर गोळी झाडायची. सरांची पाळी आली. त्यांनी पिशवीची चेन उघडली आणि मी ओकची पानं पाहिली.

पहिल्या क्षणी मला वाटलं, पुसायला आणली असेल. तेवढ्यात त्यांनी खिशातून निळा खोका काढला. एक काडतूस नळीच्या मागे सरकवलं. नळी मागून बंद करणारा बोल्ट पुढे ढकलला, तो अडला. त्यांनी तळहाताने त्याला एक थाप मारली, पेटीचं झाकण बसत नसलं की आपण मारतो तशी. बोल्ट बसला. त्यांनी रायफल खांद्याला लावली आणि गाल दस्त्यावर टेकवला.

दुसऱ्याच्या भरलेल्या बंदुकीला हात लावायचा नाही, हा परीक्षेतला पहिला धडा. मी हात लावला. बोल्टची मूठ वर उचलून धरली, म्हणजे चाप ओढला तरी गोळी सुटणार नाही.

"हात काढा," सर म्हणाले. 'काढ' नाही, 'काढा'.

"सर, ही वडिलांची आहे."

"हात काढा म्हणतोय मी."

चांदमारीचा पर्यवेक्षक उठून आमच्याकडे येऊ लागला. बाकीच्यांनी मफ कानांवरून खाली घेतले. सरांनी मान वळवून दस्त्याकडे पाहिलं. पानांवरून बोट फिरवलं. मग बोल्ट उघडला, काडतूस बाहेर काढलं आणि ते दोन बोटांत धरून सगळ्यांना दिसेल असं वर केलं.

"बघा," ते मोठ्याने म्हणाले, "आमच्या नव्या शिकाऱ्याची परीक्षा घेत होतो. जुन्या नळीत नवं काडतूस. कधी लक्षात येतंय बघूया म्हटलं. पास झाला!"

सगळे हसले. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. पर्यवेक्षकही सुटल्यासारखा हसला आणि म्हणाला, "प्रोफेसर ते प्रोफेसरच." मीही हसलो. पण मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांच्या शर्टाची कॉलर घामाने काळी झाली होती.

त्या दिवशी त्यांनी एकही गोळी झाडली नाही. खांदा दुखतोय म्हणाले. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं होती आणि त्यांच्या कडेला जंगल. सर खिडकीतून जंगलाची कड न्याहाळत होते. तिकडेच बघत म्हणाले, "वडिलांना सांगू नकोस."

त्यांचे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी "नाही सांगत," म्हणालो.

त्या संध्याकाळी सर झोपायला वर गेल्यावर काकूंनी मला थांबवलं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही विचारलं नाही की, खरंच का. सरांना विसर पडू लागलाय हे त्यांना उन्हाळ्यापासून माहीत होतं. डॉक्टरांकडे न्यायचं म्हटलं की सर घराबाहेर पडून जंगलात जाऊन बसायचे.

"मी कळवलं तर अधिकारी येतील आणि कपाट रिकामं करतील," काकू म्हणाल्या. "गावातल्या रस्त्यावर गाडी उभी राहील. सगळे बघतील. तो ते सहन करणार नाही. मला त्याची भीती वाटते, कळतंय ना तुला? बंदुका असल्याची भीती वाटते, आणि काढून घेतल्या तर त्याचं काय होईल याचीही."

"हाक्याला जाणार म्हणतात ते?"

"नकाशा काढून बसतो रोज. काल त्याने हाकारे आणि शिकारी एकाच ओळीत काढले होते." त्यांनी आवाज खाली आणला. "कपाटाला मला हात लावता येत नाही. कायदा तसा आहे. तुला येतो. तुझ्याकडे परवाना आहे. त्याने स्वतःहून तुला दिल्या तर कुणाला यावं लागणार नाही."

घरी परतताना मी गाडी फार हळू चालवली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ज्या माणसाने मला उभं केलं, त्याच्याकडे मला त्याची उभं राहायची शेवटची जागा मागायची होती. आणि मागितली नाही, तर हाक्याच्या दिवशी मी त्याच्या नळीसमोरून चालणार होतो.

घरी बायकोला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"आपल्या घरात? दोन बंदुका? पोर आहे घरात!"

"कायद्यात बसणारं कपाट घेऊ. कुलपाचा नंबर फक्त मला माहीत असेल."

"अरे, नंबराचं नाही रे," ती म्हणाली. "ते कपाट रोज दिसणार आपल्याला." मग हातातलं काम पुन्हा उचलत म्हणाली, "पण आण. ती बाई एकटी आहे तिथे."

मुलीने मधेच विचारलं, "पापा, इस्ट डेर ओपा क्रांक?" आजोबा आजारी आहेत का? ती सरांना ओपाच म्हणायची. मी मराठीत सांगितलं, आजारी नाहीत, दमलेत.

रविवारी सकाळी मी सरांकडे गेलो. त्यांचा दिवस चांगला होता; काकूंनी दारातच तसं सांगितलं. सर व्हरांड्यात बसले होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि घोकून आलेलं सगळं सोडून दिलं. एवढंच म्हणालो, "सर, मला रायफल घ्यायची आहे ना. तुमची मला द्या. दोन्ही."

"चांदमारीवर मी परीक्षा घेत नव्हतो," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"बाकीच्यांना?"

"नाही."

"खांदा दुखतोय असं सांग सगळ्यांना. हाका दुसरा कुणीतरी घेईल. डॉक्टर, अधिकारी, काही नको." ते उठले. "तुला अजून काडतूस निवडायचं होतं."

"आता तुमचं तेच माझं."

"हं. म्हणजे निवडायचं काही राहिलं नाही." ते हसले. कपाटापाशी जाऊन त्यांनी पाठ माझ्याकडे करून नंबर फिरवला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. त्यांची मान हळूहळू लाल होत होती. तिसऱ्यांदा उघडलं. दोन्ही रायफली त्यांनी स्वतः बाहेर काढल्या, रिकाम्या असल्याची खात्री मला करून दिली आणि माझ्या गाडीपर्यंत स्वतः आणल्या. कागदांवर सही केली. मी निघताना मला मिठी मारली, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. मी रडलो. ते नाही रडले.

हाक्याच्या दिवशी धुकं होतं. मी नारिंगी जाकीट घालून झाडीतून चाललो. उजवीकडे डावीकडे माणसं ओरडत होती, मधूनच गोळीचा आवाज यायचा आणि पुन्हा शांत. सगळ्या जागा नव्याने ठरवल्या होत्या. तरी प्रत्येक गोळीला माझी पाठ ताठ व्हायची. दुपारी जनावरं ओळीत मांडून झाली, शिकाऱ्यांनी शिंगं फुंकली, आणि मी फोन पाहिला. बायकोचे कितीतरी फोन येऊन गेले होते. मी लगेच तिला फोन लावला.

"दारात पोलीस उभे आहेत," ती म्हणाली. "म्हणतात, तू बंदुका चोरल्यास."

सर सकाळी उठले, त्यांनी कपाट उघडलं, आणि ते रिकामं होतं. त्यांनी पोलिसांना सांगितलं की त्यांचा एक परदेशी विद्यार्थी घरात येत असे, आणि त्याला नंबर माहीत असणार. मी घरी पोचलो तेव्हा दोघे पोलीस आमच्या कोचावर बसून चहा पीत होते आणि बायको कागद एकेक करून त्यांच्यासमोर ठेवत होती. कागद बरोबर होते, कपाट बरोबर होतं, नोंदही झालेली होती. त्यांनी काकूंशी फोनवर बोलून घेतलं, माझ्याशी हात मिळवला आणि गेले. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

त्यानंतर सर मला घरात येऊ देईनात. मी रविवारी जायचो, काकू फाटकापर्यंत येऊन बोलायच्या आणि सर वरच्या खिडकीत उभे असायचे. एकदा त्यांनी खिडकी उघडून ओरडून सांगितलं, "त्याला आत घेऊ नको! माझ्या बंदुका त्याच्याकडे आहेत!" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ते खरंच होतं. माझ्याच घरात होत्या त्या.

मग डिसेंबरमध्ये काकूंचा फोन आला. सर दोन दिवस सारखं एकच म्हणत होते, की त्याने, म्हणजे मी, दोनच नेल्या. तिसरी त्याला सापडली नाही. वडिलांनी युद्धाच्या शेवटी एक लपवून ठेवली होती, ती घरातच आहे. सरांच्या परवान्यावर दोनच रायफलींची नोंद होती. पण त्या भागात युद्धानंतर अशा लपवलेल्या बंदुका, खिशात मावणारी पिस्तुलंसुद्धा, कितीतरी घरांत निघाल्याचं मी गावातल्या लोकांकडून ऐकलं होतं.

"असेल का?" मी विचारलं.

"मी या घरात लग्न होऊन आले," काकू म्हणाल्या. "हे घर त्याच्या वडिलांचं आहे. मला नाही माहीत. ये तू."

सर दुपारी झोपतात त्या वेळेला मी गेलो. काकूंनी मला मागच्या दाराने तळघरात नेलं. आम्ही जुन्या ट्रंका उघडल्या, कोळशाची खोली पाहिली, भिंतीच्या फळ्या ठोकून पाहिल्या. कुठेच काही मिळालं नाही. गंजलेली हत्यारं, मुरंब्याच्या बाटल्या, पोत्यात बटाटे. मी छताच्या तुळईवर हात फिरवत होतो तेवढ्यात वर दार वाजलं. जिन्याच्या टोकाला सर उभे होते. मागून उजेड येत होता, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता. दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

"काय शोधताय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी शांत होता, वर्गात असायचा तसा.

"बटाटे," काकू म्हणाल्या.

"बटाट्यांसाठी त्याला कशाला बोलावलंस? तो बटाटे शोधत नाही."

मला त्यांना सांगायचं होतं की सर, हात खिशातून बाहेर काढा. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. ते एकदा बोललो की मी त्यांच्याबद्दल काय समजतो, ते त्यांना कळलं असतं. मी पोत्यातले बटाटे टोपलीत भरले, टोपली दोन्ही हातांत पुढे धरली, आणि काकूंना माझ्या मागे घेऊन जिना चढायला लागलो.